मुलांना 'पाडस' मोठ्याने वाचून दाखवायची वेळ कोणती?

कवडसा
(आधीच सांगते, खाली 'पाडस'चा शेवट उघड केला आहे. ज्यांना वाचायची आहे त्यांनी आधी वाचून घ्या, मग धाग्यावर या.)

आमच्याकडे रात्रीची जेवणं आवरली की वाचन असतं. मी वाचते, मुलं ऐकतात. मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ८ची. 'फास्टर फेणे' झाला, 'गोट्या' झाला. आता काहीतरी दमदार घ्यावं असं मनात आहे आणि सारखी 'पाडस' समोर येते. मार्जोरी रॉलिंग्ज यांची १९३८ची कादंबरी, राम पटवर्धनांनी मराठीत आणलेली. मी शाळेत असताना वाचली तेव्हा ज्योडी माझ्या वर्गातलाच कोणी आहे असं वाटायचं, इतकी ती मराठी सहज आहे.

अडचण शेवटाची. ज्योडीने जिवापाड जपलेलं हरीण शेतातला मका खातं. कुंपण वाढवून भागत नाही, आणि शेवटी ज्योडीलाच त्याला गोळी घालावी लागते. शिवाय मधे साप चावतो, मित्र मरतो, कुत्री आणि अस्वल यांच्या झटापटी आहेत.

नवऱ्याचं म्हणणं, धाकटी निदान दहा-अकराची होईपर्यंत थांब. मला भीती अशी की तोवर मोठा आईजवळ बसून ऐकायच्या वयातून निघून गेलेला असेल. आत्ता तो ज्योडीच्याच वयाचा आहे. तुम्ही मुलांना अशी अवघड कादंबरी कधी वाचून दाखवली? मूल तयार आहे हे कशावरून ओळखलंत?

टाकळीकर
८ वर्षांच्या मुलीला? माझं स्पष्ट मत, नको. आईने गोळी झाडायची, हरीण अर्धमेलं व्हायचं आणि मग मुलाने ते संपवायचं, हे मला चाळिशीत वाचतानाही जड गेलं. पुस्तक कुठे पळून जात नाही.

पानोपानी
मी बरीच वर्षं मुलांचं वाचनालय बघते, त्या अनुभवावर लिहिते.

मूल स्वतः जे वाचू शकतं त्याच्या कितीतरी पुढचं ते ऐकून समजू शकतं. त्यामुळे "तिला हे वाचता येईल का" हा प्रश्न इथे लागूच नाही. मी तीन गोष्टी वेगवेगळ्या बघते: दुःख, भाषा आणि संथपणा. पालक पहिल्याला घाबरतात, पण पुस्तक अर्ध्यात बंद पडतं ते जवळजवळ नेहमी तिसऱ्यामुळे.

'पाडस'मध्ये पाडस येईपर्यंत जवळपास निम्मं पुस्तक होतं! तोवर शिकार, शेजारच्या फॉरेस्टरांचं घर, कुत्रा देऊन बंदूक घेण्याचा व्यवहार, असं सगळं सावकाश चालतं. पहिल्या प्रकरणात तर काय घडतं? ज्योडी खुरपणी टाकून झऱ्यावर पळतो, काटक्या आणि झाडाच्या पात्या जोडून वाहत्या पाण्यात फिरणारं एक छोटं चक्र करतो आणि ते बघत पडून राहतो. बस.

तेव्हा कवडसा, तेवढं पहिलं प्रकरण वाचून दाखवा आणि थांबा. दुसऱ्या दिवशी कोणी ते चक्र करून बघायला निघालं, किंवा तुम्ही आठवण न करता पुस्तक घेऊन आलं, तर बसायला मूल तयार आहे. "मग हरीण कधी येणार?" एवढंच विचारत राहिलं तर सहा महिने थांबा. दुःखाचा प्रश्न त्यानंतरचा.

रानवाटा
आम्ही यवतमाळकडचे. मी ही कादंबरी माझ्या मुलाला आणि भावाच्या दोन मुलांना वाचून दाखवली आहे, त्यातलं सगळ्यात लहान ९ वर्षांचं होतं. एकच निरीक्षण सांगतो.

आमच्याकडे रोही आणि रानडुक्कर हरभऱ्यात शिरले की एका रात्रीत काय होतं ते पोरांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यांचे आजोबा जागलीला जायचे. त्यामुळे फ्लॅगने, म्हणजे ज्योडीच्या पाडसाने, मका खाल्ला म्हटल्याबरोबर पोरं गंभीर झाली. दुसऱ्यांदा पेरलेलं पुन्हा खाल्लं तेव्हा भावाचा मुलगा म्हणाला, आता हे लोक वर्षभर खातील काय? वाईट सगळ्यांनाच वाटलं, पण बाप दुष्ट आहे असं एकाही पोराला वाटलं नाही.

तीच गोष्ट पुण्याच्या भाचीला सांगितली (वाचली नव्हती, नुसती सांगितली) तर ती रागावून म्हणाली, दुकानातून मका आणायचा ना! वय तेवढंच. तिच्यासाठी ती फक्त हरीण मारल्याची गोष्ट झाली.

म्हणून माझ्या मते मरण सोसेल का हे बघण्याआधी, त्या घराला तो मका म्हणजे काय हे मुलाला कळतंय का ते बघा. ते कळत नसेल तर शेवट नुसता क्रूर वाटतो. आणि ते समजावता येतं. एखाद्या रविवारी गावाकडे शेतावर न्या, उभं पीक दाखवा, पेरणीपासून घरात धान्य येईपर्यंत किती महिने जातात ते बोला.

कवडसा
रानवाटा, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. माझी दोन्ही ठाण्याच्या फ्लॅटमधली. पण सासर जुन्नरकडे आहे, तिथे बिबट्याच्या भीतीने शेळ्या आत कोंडतात हे त्यांनी पाहिलंय. धागा तिथून जोडता येईल.

पानोपानी, पहिल्या प्रकरणाची कसोटी लगेच करून बघते.

तिन्हीसांजा
मला यातली एवढी काळजी पटत नाही. आमच्या आजीने श्रावणात शिवलीलामृत वाचलं, आम्ही चार-पाच वर्षांचे तिच्या मांडीशी बसून ऐकलं. त्यात चिलया बाळाची कथा आहे. आई-बाप स्वतःच्या पोराला मारून अतिथीला वाढतात, चांगुणा त्याचं मस्तक उखळात कांडते आणि वर गाणं म्हणते. कोणी विचारलं होतं का, मूल तयार आहे का म्हणून? घरात वाचलं जायचं, सगळे ऐकायचे, ज्याला जे झेपेल ते तो घ्यायचा.

आणि दुसरं. जिथे फार होईल तिथे वाचणाऱ्याने गाळावं. आजी महाभारत सांगायची तेव्हा आमचं वय बघून सांगायची. दुःशासनाचं रक्त आम्हाला खूप नंतर कळलं. त्यात फसवणूक कसली? सांगणाऱ्याचा तो हक्कच आहे.

मध्यलय
तिन्हीसांजा, चिलया बाळ शेवटी जिवंत होऊन हाकेसरशी धावत येतो. तो विसावा पोथीत आहे म्हणून ते उखळ सोसतं. 'पाडस'मध्ये फ्लॅग परत येत नाही. हा फरक लहान नाही.

गाळण्याबद्दलही थोडं वेगळं वाटतं. आजी गोष्ट सांगत होती, त्यामुळे ती तिची होती. पुस्तक वाचून दाखवताना मुलाची समजूत असते की छापलंय तेच ऐकतोय. माझ्या आत्याने एका पुस्तकातला मृत्यू मला गाळून वाचला होता. पुढे शाळेच्या ग्रंथालयात तेच पुस्तक हातात आलं तेव्हा मी ती दोन पानं एकटीने वाचली, शेजारी कोणी नव्हतं. त्याचा राग मला फार वर्षं होता.

तिन्हीसांजा
चिलया परत येतो हे मान्य. तो मुद्दा मागे घेते.

गाळण्याचं अजून पटलेलं नाही. शिकारीची वर्णनं, रक्त, कातडी सोलणं यातलं एखादं वाक्य कमी वाचलं तर कादंबरी बिघडत नाही. शेवट बदलू नये हे मात्र कबूल.

भातुकली
आमच्याकडे रात्री बाबा वाचतात. दोन पानांत बाबाच घोरायला लागतात, मग मोठी पुस्तक काढून घेते आणि धाकट्याला पुढचं वाचून दाखवते. अख्खं पुस्तक असंच पार पडलं. तयारीचा प्रश्न मुलांनी परस्पर सोडवला.

खडूफळा
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, आटपाडी तालुक्यात. माडगूळकरांचं माडगुळं याच तालुक्यातलं, म्हणून सातवीच्या वर्गाला दरवर्षी 'बनगरवाडी' वाचून दाखवतो. शेवटच्या तासाला, पंधरा-वीस मिनिटं. 'पाडस'पेक्षा आकाराने बरीच लहान, पण अवघडपणात कमी नाही. दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात आणि शेवटी गावच उठून जातं.

माझा अनुभव धाग्याच्या प्रश्नाला थोडा छेद देणारा आहे. तयारी दर वेळी आधी असतेच असं नाही, कधीकधी ती पुस्तक ऐकतानाच होते. शेकूकडे एकच बैल असतो, दुसरा मिळत नाही, म्हणून त्याची बायको स्वतः जुवाला खांदा लावते. तो भाग वाचला की मी पुस्तक मिटून ठेवतो आणि काही विचारत नाही. दुसऱ्या दिवशी मुलं स्वतःहून बोलतात. एका मुलीने सांगितलं, आमच्यात ऊस तोडायला जातात तेव्हा आई मोळी उचलते, ती बैलाएवढीच ओढते. हे तिने कुठल्याही निबंधात लिहिलं नसतं.

नवा धडा झाला की लगेच "यातून काय शिकलात?" विचारायची आम्हा शिक्षकांची सवय असते. मोठ्याने वाचताना ती कटाक्षाने बाजूला ठेवावी. अवघड प्रकरणानंतर मूल गप्प असेल तर गप्प राहू द्यावं. फक्त तिथून उठून जाऊ नये.

मात्र वाचणाऱ्याने पुस्तक आधी स्वतः पुन्हा वाचलेलं असावं. शाळेत असताना वाचलेल्या आठवणीवर जाऊ नका, कवडसाताई. आपल्याला शेवट आठवतो, मधलं विसरलेलं असतं.

सातासमुद्रापार
न्यू जर्सीतून लिहितेय. आमची अडचण पूर्ण वेगळी. मुलगी १०ची, दुःख पेलेल, संथपणाही पेलेल, पण तिचं मराठी घरातलं, "जेवायला ये" आणि "बूट काढ" एवढ्यावर चालणारं. खुरपणी, कणसं, रान, सड हे शब्द कुठून येणार? मी 'बनगरवाडी' काढली तर माणदेशी संवाद तिच्या डोक्यावरून गेले. मग वाटलं 'पाडस' मूळ इंग्रजीतूनच वाचावी.

पानोपानी
सातासमुद्रापार, मूळ इंग्रजीही सोपी नाही. फ्लोरिडाच्या झाडोऱ्यात राहणाऱ्या लोकांची बोली आहे त्यात, संवाद चालू इंग्रजीत नाहीत. तिथल्या मुलांनाही सुरुवातीला अडखळायला होतं. मराठीतलीच घ्या. तिला सगळे शब्द कळायची गरज नाही. वाक्याच्या सुरावरून मूल अर्थ लावतं. ती थांबवून विचारेल तेवढंच सांगा, तुम्ही होऊन शब्दार्थ सांगत बसू नका. फक्त रोज कमी वाचा. भाषा नवी असेल तेव्हा कान लवकर दमतात.

पिंपळपार
एवढी चर्चा 'पाडस'वर चालली आहे, पण 'श्यामची आई' कोणीच काढली नाही? ती तर रचलीच ऐकण्यासाठी आहे. आश्रमात रात्री प्रार्थना झाली की श्याम मित्रांना आठवणी सांगतो, प्रकरणांची नावंच 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी, एकूण ४२. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिली.

माझ्या नातवंडांना वाचून दाखवताना लक्षात आलं की मुलांना आईचं जाणं कळतं, त्याचं दडपण येत नाही, कारण श्याम मोठा होऊन ते सांगतो आहे हे पहिल्या रात्रीपासून ठाऊक असतं. सांगणारा समोर जिवंत आहे. ज्यांना 'पाडस' आत्ता जड वाटते त्यांनी ही आधी घ्यावी.

मध्यलय
पिंपळपार, हे फार नेमकं सांगितलंत. 'पाडस'मध्ये ज्योडीचं पुढे काय होणार हे वाचणाऱ्यालाही ठाऊक नसतं, सगळं त्याच्या बरोबरच घडतं.

पण आजकालची मुलं 'श्यामची आई' सलग ऐकायला कंटाळतात, सारखं रडणं आहे म्हणतात. तुम्ही कसं जमवलंत?

पिंपळपार
सलग वाचलीच नाही. आठवड्याला एखाद-दोन रात्री. आणि मधे पोहण्याच्या भीतीची, पळसाच्या पानांची अशी प्रकरणं आहेत, तिथे मुलं हसतात आणि चिडतातही. पत्रावळी लावायला बसलो होतो आम्ही. पानं मिळाली नाहीत तर बदामाची घेतली.

निर्झरा
आजवर रोमात (नुसती वाचत) होते, या धाग्यासाठी लिहिते.

माझ्या मुलीला ९व्या वर्षी 'पाडस' सुरू केली. नीट चाललं होतं. मधेच तिचे आजोबा गेले. त्यानंतर तिने स्वतः सांगितलं, आता ते पुस्तक नको. मी कपाटात ठेवलं, पुन्हा विषय काढला नाही. सातवीत गेल्यावर तिनेच काढलं आणि म्हणाली, तू वाच, मी ऐकते. तेव्हा शेवटापर्यंत गेलो.

मला वाटतं वय बघण्यापेक्षा त्या वर्षी घरात काय चाललंय ते बघावं. आजारपण, बदली, आईबाबांची भांडणं, पाळलेलं कुत्रं गेलेलं असणं. अशा वेळी एरवी धीट असलेलं मूलही हळवं असतं. आणि "थांब" म्हणायची मुभा पहिल्या दिवशीच दिलेली असावी, म्हणजे नंतर त्याला कमीपणा वाटत नाही.

टाकळीकर
निर्झरा आणि रानवाटा यांचे प्रतिसाद वाचून माझं "अजिबात नको" जरा सैल करतो. पण दोन भावंडं असली की "थांब" कोण म्हणणार? मोठ्यासमोर धाकटी म्हणणार नाही. आमच्या घरी मी धाकटा होतो, मला घाबरट म्हटलेलं चालायचं नाही, म्हणून मी सगळं ऐकून घ्यायचो आणि रात्री जागा राहायचो.

खडूफळा
टाकळीकर, हे खरं आहे. वर्गातही तसंच होतं. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येकाला एकेकटं गाठून विचारायचं. शाळेच्या वाटेवर, भाजी निवडताना, कुठेही. सगळ्यांसमोर विचारलं की सगळेच शूर असतात.

कवडसा
उशिरा लिहितेय, पण धाग्यावरच्या सगळ्यांना कळवायलाच हवं.

आधी मी स्वतः पुन्हा पूर्ण वाचली (खडूफळा, आभार. ज्योडीच्या बापाला, पेनीला, साप चावल्यावर तो विष ओढायला हरिणीला मारून तिचं काळीज वापरतो आणि त्यामुळेच पाडस पोरकं होतं, ही साखळी मी साफ विसरले होते. शेवटाइतकाच हा भाग अवघड आहे). मग पहिलं प्रकरण वाचलं. दुसऱ्या दिवशी दोघं सोसायटीच्या माळीकाकांकडून झावळी घेऊन आली आणि बाथरूमच्या नळाखाली दोन बेचक्यांवर पात्यांचं चक्र फिरवायचा खटाटोप सुरू झाला. पात्या सारख्या निसटायच्या. शेवटी मुलीने मधली काडी जाड घेतली आणि आडवी खाच पाडली, तेव्हा ते फिरलं. बाथरूमभर पाणी. पण कसोटी पास!

काळजी आम्ही धाकटीची करत होतो. तिने सापाचं प्रकरण नीट ऐकलं, हरिणीबद्दल खूप प्रश्न विचारले आणि झोपली. अडला तो मोठा. ज्योडीचा मित्र फॉडरविंग मरतो तिथे. ज्योडी पाडसाचं नाव काय ठेवायचं ते विचारायला त्याच्याकडे जातो आणि तो आधीच गेलेला असतो. मुलगा काही बोलला नाही. सकाळी शाळेत सोडताना एकट्याला विचारलं तर म्हणाला, त्याने नाव ठेवून ठेवलं होतं, पण स्वतः सांगता नाही आलं. आणि मग म्हणाला, थोडे दिवस दुसरं काहीतरी वाचूया का?

धाकटी पुढे वाच म्हणून मागे लागली आहे. आता काय करू? त्याला बाजूला ठेवून तिच्याबरोबर पुढे जायचं नाही, एवढं नक्की.

रानवाटा
थांबाच. त्याने नेमकी जागा धरली आहे. मुलगा उत्तम ऐकतो आहे.

निर्झरा
+१. आणि पुस्तक त्याच्या हाताला लागेल असं ठेवा, कपाटात वर नको.

टाकळीकर
धाकटीच्या वयावरून मी एवढं लिहिलं आणि थांबा म्हणाला तो मोठा! तिला तोवर काहीतरी हसरं वाचून दाखवा, दोघांना बरोबर.

पानोपानी
थांबा, पण फार लांबवू नका. आठ-दहा दिवसांनी त्याला एकट्यालाच विचारा. पुढे मुसळधार पाऊस आणि पूर येतो, लांडगे येतात, कथेला वेग येतो. तिथून धरायला सोपं जाईल. पुन्हा सुरू करताना फॉडरविंगचं प्रकरण परत वाचू नका, दोन वाक्यांत आठवण द्या आणि पुढे निघा.

शेवटाबद्दल आत्ताच सांगून ठेवते, कारण वेळ आल्यावर विसरायला होतं. फ्लॅगचा मृत्यू आणि ज्योडीचं घरी परत येणं यांच्यामध्ये रात्र येऊ देऊ नका. मुलं त्या गोळीवर झोपायला गेली तर तेच मनात राहतं. खरं तर त्यानंतर ज्योडी पळून जातो, नदीवर उपाशी भटकतो, भूक म्हणजे काय ते त्याला पहिल्यांदा कळतं. तो घरी येतो तेव्हा पेनी त्याच्याशी बरोबरीच्या माणसासारखं बोलतो. रानवाटांनी मक्याबद्दल जे लिहिलंय ते मुलांना इथेच पुरतं कळतं. वाटेत ज्योडी ते चक्रही पुन्हा करून बघतो आणि त्याला त्यात गंमत वाटत नाही. तुमच्या मुलांनी स्वतः केलंय, त्यांना ते कोणी समजावायला नको.

तेव्हा शेवटची प्रकरणं शनिवारी दुपारी घ्या, एकाच बैठकीत. वेळ लागेल, घसा बसेल, मधे चहा घ्या. नवऱ्यालाही बसवा. थोडं तो वाचेल.

कवडसा
पानोपानी, हा प्रतिसाद छापून पुस्तकात ठेवते. नवरा बसायला तयार आहे, पण पेनीचे संवाद मीच वाचणार असं म्हणतोय. दिले त्याला.